दोन हजार माणसं, सहा सेकंद आणि एक भाला : डीअँडडीच्या नव्या आवृत्तीवर लोक एवढे का हसले?

थेरगावचा डांगे चौक. वेळ संध्याकाळी साडेसहाची. हिंजवडीकडून परतणाऱ्या बस, चिंचवडकडून येणाऱ्या रिक्षा आणि त्यांच्या फटीतून वाट काढणारे दुचाकीवाले. सिग्नल हिरवा होऊन परत लाल होतो, तरी गाडी दोन हात पुढे सरकत नाही.

आता कल्पना करा, याच चौकातून हिंजवडीच्या दिशेने दोन हजार माणसं एका रांगेत उभी केली. प्रत्येकाला पाच फूट जागा दिली तर रांग होते दहा हजार फूट, म्हणजे साधारण तीन किलोमीटर. पहिल्या माणसाच्या हातात एक भाला दिला. त्याने तो दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत शेवटपर्यंत पोहोचवायचा. किती वेळ लागेल? अर्धा तास? पाऊण तास?

एका खेळाच्या नियमानुसार याचं उत्तर आहे, सहा सेकंद.

तीन किलोमीटर सहा सेकंदात म्हणजे सेकंदाला पाचशे मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे दोन हजार साध्या माणसांनी नुसता हातोहात दिलेला भाला आवाजालाही मागे टाकून निघाला.

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', ज्याला सगळे डीअँडडी म्हणतात. 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितली असेल तर त्यातली मुलं तळघरात बसून जो खेळतात, तोच. आणि भाल्याचा हा किस्सा म्हणजे या खेळाच्या चाहत्यांमधला वर्षानुवर्षं फिरणारा विनोद. त्याला 'पेझंट रेलगन' म्हणतात, म्हणजे शेतकऱ्यांची तोफ.

गंमत पुढेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये या खेळाच्या नव्या आवृत्तीचं दुसरं पुस्तक आलं, 'डंजन मास्टर्स गाइड'. त्यात कंपनीने एक छोटा भाग खास टाकला. त्याचा अर्थ असा की, खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नाही, आणि रांगेतली माणसं हातोहात देऊन भाल्याला प्रकाशाचा वेग देऊ शकतात, असा वाद खेळाडूंना घालू देऊ नका.

म्हणजे चाहत्यांनी केलेली चेष्टा थेट अधिकृत नियमपुस्तकात जाऊन बसली.

नवी आवृत्ती आली की लोक हसतात, हे नवीन नाही. पण या खेळाच्या बाबतीत हे हसणं नीट बघितलं तर कळतं की विनोदाच्या आड एक गंभीर भांडण चालू आहे. खेळ नेमका कोणाच्या मालकीचा? बनवणाऱ्या कंपनीचा, की खेळणाऱ्यांचा?

आधी खेळ समजून घेऊ

समजा थेरगावातल्या एका टू बीएचके फ्लॅटमध्ये रविवारी पाच मित्र जमलेत. टेबलावर कागद, पेन्सिली, वेफर्सचं पाकीट आणि वेगवेगळ्या आकाराचे फासे. त्यातला एक जण गोष्ट सांगणारा. त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे चौघं त्या गोष्टीतली पात्रं. एक जादूगार, एक योद्धा, एक चोर, एक पुजारी.

गोष्ट सांगणारा म्हणतो, "रात्र झालीय. तुम्ही केजुबाई बंधाऱ्यापाशी पोहोचलात. पाण्यात दोन डोळे चमकतायत. काय करता?"

चोर म्हणतो, "मी झाडामागे लपतो."

आता तो लपू शकला की नाही, हे कोण ठरवणार? इथे फासा येतो. वीस बाजूंचा. वीस पडले तर सगळ्यात भारी, एक पडला तर फजिती. कुठल्या कामाला किती आकडा लागतो, कोणाला किती बोनस मिळतो, हे सगळं जाडजूड नियमपुस्तकात लिहिलेलं असतं.

बोर्ड नाही, जिंकणं-हरणं नाही, शेवट नाही. एकच गोष्ट काही टेबलांवर वर्षानुवर्षं चालते. एक पात्र माणूस पाच-पाच वर्षं सांभाळतो. म्हणून नियम बदलले की तो बदल खेळाडूला आपल्या घरात कोणी येऊन फर्निचर हलवल्यासारखा वाटतो.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तयार केला. तो १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. पहिल्या छपाईत फक्त हजार प्रती होत्या. पुढे १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो विकत घेतला आणि १९९९ मध्ये खेळणी बनवणाऱ्या 'हॅस्ब्रो'ने ती कंपनीच घेतली. तिसरी आवृत्ती २००० मध्ये आली, चौथी २००८ मध्ये, पाचवी २०१४ मध्ये.

आणि मग खेळाला पन्नास वर्षं झाली त्या २०२४ मध्ये आली ती... तिला म्हणायचं काय, इथूनच चेष्टेला सुरुवात झाली.

पहिला विनोद : हिचं नाव काय?

ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने नव्या नियमांची घोषणा केली, तेव्हा नाव होतं 'वन डीअँडडी'. नंतर ते नाव मागे पडलं. ही सहावी आवृत्ती नाही, पाचवीच आहे, फक्त सुधारलेली, असं कंपनी सांगत राहिली. जुनी साहसंही यावर चालतील, असंही आश्वासन दिलं.

पण १७ सप्टेंबर २०२४ ला 'प्लेअर्स हँडबुक' बाजारात आलं तेव्हा ते ३८४ पानांचं होतं. जुनं ३२० पानांचं. किंमत जवळपास ५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण चार हजार दोनशे रुपये. पाठोपाठ १२ नोव्हेंबरला 'डंजन मास्टर्स गाइड' आणि १८ फेब्रुवारी २०२५ ला 'मॉन्स्टर मॅन्युअल'. तीन पुस्तकं, तीनदा पैसे.

मग लोक विचारणारच. आवृत्ती नवी नाही, तर पुस्तकं नवी का घ्यायची? कोणी तिला साडेपाच म्हणू लागलं, कोणी नुसतं साल जोडून काम चालवलं.

आपल्याकडच्या गेमर मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि २ जुलै २०२१ ला तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' म्हणून परत आला. रक्त हिरवं झालं. 'किल'च्या जागी 'फिनिश' आलं. हे आभासी जग आहे, अशी आठवण गेम करून देऊ लागला. नाव वेगळं, खेळ तोच, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि हिरव्या रक्तावर विनोद झाले ते त्यामुळेच. सांगितलं जातंय एक आणि दिसतंय दुसरं, अशा ठिकाणी माणूस हमखास हसतो.

दुसरा विनोद : शब्दाला शब्द धरला तर?

चोराचं लपणं आठवा. नव्या नियमात लपण्याची रीत बदलली. आडोसा असेल आणि फाशावर बोनस धरून पंधरा किंवा त्याहून जास्त आले, तर पात्राला 'अदृश्य' ही अवस्था मिळते. आवाज केला, हल्ला केला, शत्रूने शोधून काढलं, की ती जाते.

लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की तो कोणाच्या नजरेस पडत नाही. पण शब्द पडला अदृश्य. झालं. लोकांनी शब्दाला शब्द धरला. म्हणजे सोसायटीत शिरलेला चोर कुंडीमागे एकदा लपला, फासा चांगला पडला, की पुढे तो वॉचमनच्या खुर्चीसमोरून आरामात चालत लिफ्टपर्यंत जाऊ शकतो का? नियम शब्दशः वाचला तर वाद घालायला भरपूर जागा आहे. गोष्ट सांगणारा शहाणा असेल तर तो म्हणेल, "वॉचमनला डोळे आहेत, गप बस."

भाल्याची गोष्ट याच जातीची. खेळातली एक फेरी म्हणजे सहा सेकंद. त्या सहा सेकंदांत प्रत्येकाला आपली कृती करता येते. रांगेत दोन माणसं असोत की दोन हजार, फेरी सहा सेकंदांचीच. मग भाला एका फेरीत शेवटापर्यंत गेलाच पाहिजे. इथपर्यंत नियम बरोबर. पण शेवटी भाला आदळतो तेव्हा चाहते नियम सोडून फिजिक्सचं पुस्तक उघडतात आणि म्हणतात, एवढ्या वेगाने आला म्हणजे किल्ल्याची भिंत फुटलीच पाहिजे. नियमानुसार मात्र तो साधा भाला आहे आणि साध्या भाल्याइतकीच इजा करतो. देताना नियम, आदळताना विज्ञान. विनोद या चलाखीत आहे.

अशा चेष्टेचं कंपनीला खरं तर कौतुकच हवं. नियमातली फट सगळ्यात आधी कोणाला सापडते? ज्याने ते पान दहा वेळा वाचलंय त्याला. मुळात न वाचलेल्या पुस्तकावर इतका बारीक विनोद करताच येत नाही.

कंपनीही कधी कधी या चेष्टेत सामील होते. जुन्या दुसऱ्या आवृत्तीत 'थॅको' नावाचं एक गणित होतं. चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा लहान, अशा उलट्या हिशेबामुळे नवखे चक्रावून जायचे. त्या थॅकोवर चाहते अजून हसतात. २०२१ मध्ये जत्रेवर आधारलेलं एक अधिकृत साहस आलं, त्यात कंपनीने एका विदूषकाचं नावच थॅको ठेवलं.

तिसरा विनोद : चित्रांवरून

नव्या हँडबुकमधल्या एका चित्रावरून बरीच धमाल झाली. ऑर्क म्हणजे या खेळातली दांडगी, सुळे बाहेर आलेली जमात. पूर्वी ती नेहमी कापाकापी करतानाच दिसायची. नव्या चित्रात ऑर्क वाळवंटी मुलखातून प्रवास करताना दिसले. त्यांच्या टोप्या आणि पेहराव बघून सोशल मीडियाने ठरवून टाकलं की ऑर्क आता मेक्सिकन झाले.

इथे हसणारे दोन प्रकारचे होते, आणि दोघांत फरक करायला हवा. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच चाहत्यांनी ते चित्र उचलून धरलं. आपलंच कुटुंब प्रवासाला निघालंय, अशा थाटात त्यांनी स्वतः चित्रं काढली, मीम्स केले. दुसरीकडे काही लोकांनी त्याच मीमचा वापर 'सगळीकडे हे लोक घुसवले' असं म्हणायला केला. मीम एकच, हसणं वेगवेगळं. एक जण स्वतःला त्यात बघून हसत होता, दुसरा समोरच्याला बाहेर काढण्यासाठी.

हा मुद्दा मराठी वाचकाला परका नाही. कारण याच खेळात 'राक्षस' नावाचा एक प्राणी १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्येही होता. नाव आपल्या पुराणातलं. पण डोकं वाघाचं आणि हाताचे तळवे उलट्या बाजूला. आजीकडून ऐकलेल्या गोष्टींत वाढलेल्या कोणालाही तो पहिल्यांदा बघून प्रश्न पडेल की हा नक्की कुठल्या गावचा राक्षस? दुसऱ्याच्या घरातली गोष्ट दुरून ऐकून लिहिली की असं होतं. २०२२ मध्ये आलेल्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या पुस्तकात वेगळा प्रयत्न झाला. त्यातलं बंगालच्या नद्या आणि लोककथांवर बेतलेलं साहस मूळच्या कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांनी लिहिलंय.

आपल्याकडे असं कधी झालं होतं?

नव्या आवृत्तीवर अख्खा महाराष्ट्र हसला, अशी एक वेळ येऊन गेलीय. फक्त ते पुस्तक खेळाचं नव्हतं, गणिताचं होतं.

जून २०१९. बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं. त्यात एकवीस ही संख्या 'वीस एक' अशी वाचायची रीत दिली होती. बावन्नला 'पन्नास दोन', त्र्याण्णवला 'नव्वद तीन'. आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर दुसरा विषय नव्हता. मामला विधानसभेतही गेला. अजित पवारांनी विचारलं की मग मुख्यमंत्री फडणवीसांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का? सभागृह हसलं, राज्य हसलं.

त्या हसण्यात एक गोष्ट मागे पडली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी रीत काढलेली नाही, दोन्ही रीती पुस्तकात आहेत. जोडाक्षरांच्या संख्या वाचताना लहान मुलं अडखळतात, त्यांना सोपं जावं म्हणून ही दुसरी रीत आहे. हे बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण मीम पुढे ढकलणाऱ्या किती जणांनी ते पान बघितलं होतं?

डीअँडडी आणि बालभारती या दोन विनोदांत हाच फरक आहे. एकीकडे हसणाऱ्यांनी पुस्तक कोळून प्यायलं होतं. दुसरीकडे बहुतेकांपर्यंत पुस्तक पोहोचायच्या आधी विनोद पोहोचला. दिसायला दोन्ही सारखेच, पण एकातून पुस्तकातली चूक सापडते, दुसऱ्यातून पुस्तक उघडायचंच राहून जातं.

हसण्याचा राग झाला तेव्हा

आता येऊ मूळ भांडणाकडे.

नवी आवृत्ती यायच्या दीड वर्ष आधी, जानेवारी २०२३ मध्ये एक कागद फुटला. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी लागेल.

२००० साली कंपनीने 'ओपन गेम लायसन्स' नावाचा एक परवाना काढला होता. सोप्या भाषेत सांगायचं तर, आमच्या खेळाचे मूळ नियम वापरून तुम्ही तुमची साहसं, तुमची पुस्तकं छापा आणि विका, आम्हाला पैसे द्यायची गरज नाही. यावर शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले. २००८ मध्ये चौथी आवृत्ती अनेकांना आवडली नाही, तेव्हा 'पायझो' या कंपनीने याच परवान्याच्या जोरावर जुने नियम पुढे नेत 'पाथफाइंडर' हा खेळ २००९ मध्ये आणला. काही काळ विक्रीच्या याद्यांमध्ये तो डीअँडडीच्याही वर गेला होता.

५ जानेवारी २०२३ ला बातमी आली की कंपनी हा परवाना बदलतेय. फुटलेल्या मसुद्यात जुना परवाना रद्दबातल धरला होता. वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर कमाई असेल तर कळवायचं, साडेसात लाख डॉलरच्या वर गेली तर वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्यायची, अशी कलमं होती.

म्हणजे गल्लीतल्या मैदानावर तेवीस वर्षं पोरं खेळतायत, स्पर्धा भरवतायत, आणि एक दिवस पाटी लागते की इथून पुढे तिकीट.

विनोद तेव्हाही झाले. पण त्यांच्यासोबत आणखी एक गोष्ट झाली. लोकांनी 'डीअँडडी बियॉन्ड' या वेबसाइटची सदस्यता रद्द करायला सुरुवात केली. ही वेबसाइट हॅस्ब्रोने २०२२ मध्येच १४ कोटी ६३ लाख डॉलर मोजून घेतली होती. घाव बरोबर जिथे दुखेल तिथे बसला. तिकडे पायझोने सांगितलं की आठ महिने पुरेल असा पाथफाइंडरच्या मुख्य पुस्तकाचा साठा दोन आठवड्यांत संपला.

१३ जानेवारीला कंपनीचं निवेदन आलं. त्यात त्यांनी खेळाच्याच भाषेत कबुली दिली की आमच्या फाशावर एक पडला. वर असंही म्हटलं की लोक जिंकले आणि आम्हीही जिंकलो. हे दुसरं वाक्य लोकांना अजिबात पचलं नाही, आणि चेष्टेला आणखी एक विषय मिळाला.

मग नवा मसुदा आला, लोकांची मतं मागवली. पंधरा हजारांच्या वर लोकांनी उत्तरं दिली. त्यातले ८९ टक्के जुना परवाना रद्द करण्यावर नाराज होते. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच ठेवला. वर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुले केले, म्हणजे आता ते परत कोंडता येणार नाहीत. पुढे एप्रिल २०२५ मध्ये नव्या आवृत्तीचे मूळ नियमही याच रीतीने खुले झाले.

तीन आठवड्यांत एवढी मोठी कंपनी मागे आली. नुसत्या मीम्समुळे? नाही. मीममुळे भांडण काय आहे हे लाखो लोकांना दोन ओळींत कळलं. कंपनी हलली ती पाकीट बंद झाल्यावर. दोन्ही एकत्र आलं म्हणून काम झालं.

विकत घेतलेलं पुस्तक रातोरात बदललं तर?

थेरगावची जुनी ओळख पदमजी पेपर मिलची. आताची ओळख हिंजवडीला जाणाऱ्या आयटीवाल्यांची. कागद आणि सॉफ्टवेअर, एकाच गावात. या भांडणाचा शेवटचा अंक याच दोन गोष्टींमधला आहे.

कागदावर छापलेला नियम कोणी लांबून बदलू शकत नाही. २०१४ चं पुस्तक कपाटात असेल, तर दहा वर्षांनीही त्यात तेच लिहिलेलं असणार. वेबसाइटवर घेतलेल्या पुस्तकाचं तसं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये, नवं हँडबुक यायच्या तोंडावर, डीअँडडी बियॉन्डने जाहीर केलं की वेबसाइटवरच्या खेळाडूंच्या कागदांवर जुने मंत्र आणि जुन्या जादुई वस्तूंच्या जागी नव्या येतील. ज्यांना जुनंच हवंय, त्यांनी ते स्वतःच्या हाताने वेगळं लिहून ठेवावं.

म्हणजे लोकांनी पैसे देऊन घेतलेलं पुस्तक दुकानदार तुमच्या घरी येऊन खोडणार आणि वर सांगणार, हवं तर आधी वहीत उतरवून घ्या. खेळातला जादूगार आपले मंत्र वहीत उतरवत बसतो. इथे खऱ्या माणसावर ती वेळ आली.

परत तोच क्रम. आधी चेष्टा, मग संताप, मग सदस्यता रद्द करण्याची भाषा. काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. जुने मंत्र जुन्यांसाठी तसेच राहतील, असं सांगितलं.

फासे कधी हातात न धरलेल्या माणसाचाही याच्याशी संबंध आहे. फोनमधला गेम, ऑनलाइन घेतलेलं पुस्तक, ॲपवर विकत घेतलेला सिनेमा, हे सगळं आपण 'घेतलं' म्हणतो. पण अटींच्या लांबलचक पानावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की तुम्हाला फक्त वापरायची परवानगी आहे. ती परवानगी बदलू शकते, आणि बदललेली कळतेही उशिरा. डीअँडडीवाल्यांना लवकर कळलं, कारण ते नियम शब्दशः वाचणारे लोक आहेत. अदृश्य या एका शब्दावर तासभर भांडणारा माणूस अटींचं पानही तसंच वाचतो.

मग कंपनीने घाबरायचं कशाला?

२००८ च्या चौथ्या आवृत्तीचं एक उदाहरण बघा. त्या आवृत्तीच्या पहिल्या हँडबुकमधून 'नोम' ही बुटकी जमात खेळाडूंसाठी काढून टाकली होती, ती फक्त राक्षसांच्या पुस्तकात ठेवली. यावर लोक हसायच्या आधी कंपनीनेच एक कार्टून जाहिरात काढली. त्यात बिचारा नोम सांगतो की मी आता राक्षस झालोय, आणि डरकाळी फोडून दाखवतो. जाहिरात गाजली, नोमची डरकाळी चाहत्यांच्या तोंडी बसली. पण नोम खेळणाऱ्यांचं गाऱ्हाणं त्याने मिटलं नाही. नवी आवृत्ती नको असलेले कितीतरी जण उठले आणि पाथफाइंडरच्या टेबलावर जाऊन बसले.

यातून एक गोष्ट कळते. चेष्टा करणारा खेळाडू अजून टेबलावर बसलेला असतो. त्याला नियम पाठ आहेत, त्याला पुढच्या रविवारी यायचंय, म्हणून तो बोलतोय. कंपनीला काळजी करायची तर जो काहीच न बोलता फासे पिशवीत भरून निघून गेला त्याची करायला हवी.

२०२५ मध्ये निघून जाणाऱ्यांत घरचेच लोक दिसले. नव्या आवृत्तीमागची दोन मोठी नावं, जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स, यांनी विझर्ड्स सोडली आणि जूनमध्ये 'डॅरिंग्टन प्रेस'मध्ये रुजू झाले. याच प्रकाशनाने मे महिन्यात 'डॅगरहार्ट' हा नवा खेळ आणला होता. ज्यांनी नवे नियम लिहिले तेच शेजारच्या टेबलावर. यावर विनोद झाले नसते तरच नवल.

पण थेरगावच्या त्या फ्लॅटमध्ये यातलं फारसं काही पोहोचत नाही. तिथे एकाकडे २०१४ चं पुस्तक आहे, दुसऱ्याने २०२४ चं घेतलंय, तिसरा मोबाइलवर फुकटचे नियम उघडून बसलाय. चोर परत झाडामागे लपलाय. नवं पुस्तकवाला म्हणतो तो अदृश्य झाला. जुनं पुस्तकवाला म्हणतो, शक्यच नाही. दहा मिनिटं आवाज चढतो, वेफर्स संपतात.

शेवटी सगळे गोष्ट सांगणाऱ्याकडे बघतात. तो दोन्ही पुस्तकं बंद करतो आणि म्हणतो, "टाक फासा."